तुझ्या बातमीतून काढलेले दोन शब्द

अक्का, तुझी बातमी चौथ्या पानावर आली. खालच्या बाजूला, सोयाबीनच्या भावांच्या चौकटीशेजारी. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा घ्यावा लागला. बाकी सगळ्या फोटोंत तू कुणाला तरी काहीतरी समजावून सांगते आहेस आणि तोंड उघडं आहे.

मजकूर नेहमीचा आहे. नाव, गाव, नोकरी, पश्चात कोण. फक्त दोन शब्द त्यात नाहीत, आणि ते नाहीत हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

जिल्ह्याच्या डेस्कवर मरणाची कारणं मोजकीच असतात. म्हातारं माणूस वृद्धापकाळाने जातं. कर्ता पुरुष हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने जातो. गाडीखाली सापडलेला अपघातात जातो. उरलेले सगळे अल्पशा आजाराने जातात. हे शब्द कुणी शोधून लिहीत नाही, ते बोटांतून आपोआप उतरतात. त्यात फसवणूकही नसते. घरच्यांनी जे सांगितलं ते छापायचं, हा नियम आहे, आणि घरचे हेच सांगतात.

तू गेलीस त्या सकाळी मी डेस्कला फोन केला. सहकाऱ्याने मजकूर तयार करून मोबाइलवर पाठवला. दाजी आणि मी त्यांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानासमोर उभे होतो. शटर अर्धं खाली होतं. आत कुणाचा तरी पाणबुडी पंप उघडून ठेवलेला, तसाच.

"काय लिहिलंय?" दाजींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"बराबर आहे की."

"अल्पशा आजाराने लिहायचं नाही, असं तिने सांगितलं होतं."

"मंग काय लिहिता?"

"कॅन्सर. कशाचा, तेही लिही म्हणाली होती."

दाजींनी त्या पंपाकडे बघितलं. मग म्हणाले, "रवी, पूर्वासारखी पोरगी आहे घरात. आजार लिहिला की लोक कारण विचारतेत. कारण सांगितलं की आणखी विचारतेत. आज नको. नाव नको."

घरच्यांनी दिलेलं छापायचं. मी ते दोन शब्द काढले आणि त्यांच्या जागी काही घातलं नाही. 'यांचे निधन झाले.' तू मागितलेल्यापैकी अर्धं झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितो आहे.

*

त्या दोन शब्दांशी तुझं भांडण आजाराच्या आधीपासूनचं. सुटीच्या दिवशी मी परतूरला आलो की तू चहा उकळायला ठेवून पेपर उघडायचीस आणि निधनवार्तांवर बोट ठेवायचीस.

"सांग, यातला कॅन्सर कोणता?"

"मला काय माहीत?"

"अरे संपादकसाहेब, तुमचाच पेपर आहे. ही बघ. बाई, वय पन्नासच्या आत, अल्पसा आजार. हिला संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात नेल्ती का, विचार जरा."

मी संपादक नाही, उपसंपादक आहे, हे तुला माहीत होतं. विचारायचो नाही, हेही माहीत होतं.

"तुमच्या पेपरात जालना जिल्ह्यातली एक बाई कॅन्सरनं मरून राह्यली न्हाई," तू म्हणायचीस. "लई निरोगी जिल्हा आहे बाबा आपला."

तुझा अहवाल आला त्या दुपारी तू रडली नाहीस. फोनवर आवाज वर्गातला होता.

"रव्या, पेन आहे का?"

"आहे."

"लिही. गर्भाशयाचं मुख. एचपीव्ही. त्याच्याखाली लिही, ई-सिक्स आणि ई-सेव्हन. वाचून घे, मंग बोलू."

आणि फोन ठेवलास. आपल्या घरात बहीण पॅडचं पाकीट भावासमोरून नेताना ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असायचं. तू मला अवयवाचं नाव सांगितलंस आणि वर गृहपाठ दिलास.

अंगावरून जात होतं, ते तू कितीतरी दिवस मनावर घेतलं नव्हतंस. पाळी जायच्या वयात असं मागेपुढे होतं, असं आजूबाजूच्या सगळ्या बायका म्हणतात. तूही तेच म्हणालीस. जीवशास्त्र शिकवणारी बाई. नंतर त्यावर तू एकच वाक्य बोललीस: "दात दुखला असता तर दुसऱ्या दिवशी दाखवला असता."

*

पुढचे महिने परतूर ते संभाजीनगर गाडीने ये-जा झाली. तू आणि दाजी परतूरला बसायचात, मी जालन्याला चढायचो. तू खालच्या बाकावर आडवी, डोक्याखाली शाल. दाजी खिडकीला, डबा मांडीवर. जाताना तू बोलायचीस, येताना बोलायची नाहीस.

गृहपाठ मी केला होता, पण कच्चा. तू पहिल्याच फेरीत पकडलंस.

"विषाणू पेशीला फसवतो, असं लिहिलंस तू. खोड ते."

"वाचकाला कळतं त्याने."

"चुकीचं कळतं. त्याला मन न्हाई, मेंदू न्हाई, फसवतो कशानं? आधी काय होतं ते बघ, मंग शब्द शोध."

मग तू नानांना मध्ये आणलंस, आपल्या वडिलांना. आपले नाना कापसाचे सीड प्लॉट करायचे. बियाणे कंपनीसाठी बी तयार करायचं, त्या रानात एकही परकं झाड चालत नाही. कंपनीचा माणूस पाहणीला यायच्या आधी नाना ओळीओळीने फिरायचे. पानाचा आकार, देठाचा रंग बघायचे, आणि भेसळ झाड दिसलं की मुळासकट उपटायचे. मागे आपण दोघं पोतं घेऊन. "फुलावर यायच्या आत," ते म्हणायचे. "फूल आल्यावर उपटून काय करता? माशी आपलं काम करून गेलेली राहती."

"पेशीतही नाना असतेत," तू म्हणालीस.

आणि सांगितलंस. गर्भाशयाच्या मुखावरच्या आवरणात तळच्या पेशी विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, आणि सरकताना त्यांनी विभागणं थांबवायचं असतं. या विषाणूकडे स्वतःच्या नकला काढायचं सगळं सामान नसतं. ते पेशीकडे असतं, आणि पेशी विभागणीच्या तयारीत असेल तेव्हाच ते बाहेर काढलेलं असतं. म्हणून आत शिरल्यावर तो स्वतःचं कवच बनवायला घेत नाही. कवचाची प्रथिनं शेवटी येतात. आधी येतात ती थोडी, लहान प्रथिनं. त्यांच्या नावातला ई म्हणजे अर्ली, आधीची. त्यातलं ई-सेव्हन पेशीच्या ब्रेकला चिकटून बसतं. थांबायला हवी होती ती पेशी पुन्हा चालू होते. अशी अवेळी चालू झालेली पेशी ओळखायची, तिला थांबवायची, नाहीच जमलं तर मारून टाकायची, हे काम करणारं एक प्रथिन आपल्या प्रत्येक पेशीत असतं. पी-फिफ्टीथ्री. ते म्हणजे नाना. आणि त्यांची व्यवस्था ई-सिक्स लावतं.

"मारतं त्यांना?" मी विचारलं.

"न्हाई ना. हात लावून दाखवतं फक्त, की हा कचरा आहे. पेशीची कचरा उचलायची स्वतःची यंत्रणा असती, ती येती आन् नानांना घेऊन जाती. भेसळ काढणाऱ्यालाच भेसळ ठरवायचं आन् त्याच्याच मजुराकडून त्याला उपटून टाकायचं. असं काम आहे ते."

समोरच्या बाकावर एक काका शेंगा खात बसले होते. जालन्यापासून ऐकत आलेले असावेत. त्यांनी टरफलं रुमालात गोळा केली आणि विचारलं, "ताई, कुठल्या गावची गोष्ट म्हणायची ही?"

"आमच्याच गावची, काका."

"आन् मंग पोलिसात न्हाई गेलं का कुणी?"

दाजी त्या प्रवासात पहिल्यांदा हसले. तू मात्र हसली नाहीस. तू उठून बसलीस. चांगला प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे बघायचीस तसं काकांकडे बघितलंस.

"तक्रारच न्हाई आली, काका. म्हणून तर इतकी वर्षं चाललं."

मग माझ्याकडे वळून बोललीस. हा विषाणू पेशी फोडत नाही. रक्तात उतरत नाही. शेजारच्या पेशींना सावध करायचा जो इशारा असतो, तोही हीच आधीची प्रथिनं दाबून ठेवतात. म्हणून ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही. बहुतेक बायकांच्या शरीराला तरीही कधीतरी सुगावा लागतो आणि तो निघून जातो. काहींच्या नाही लागत.

"अल्पसा आजार," तू म्हणालीस. "पूर्वा प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून चालू असंल, काय सांगावं."

*

शेक सुरू झाल्यावर तू थकलीस. रेडिएशनला वॉर्डातल्या बायका शेक म्हणायच्या, तूही तेच म्हणू लागलीस. शेजारच्या शमीमभाभी खिचडी आणि चिंचेचा खट्टा पाठवायच्या, तेवढं तुझ्या पोटात राहायचं. केस विंचरायला त्याच यायच्या. "बाजी, इत्तं बोलू नका, दम लागतो," असं त्या थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणायच्या आणि लगेच काहीतरी विचारायच्या. मग तू बोलायचीस.

तशाच एका दुपारी, भाभी विंचरत असताना, तू मला उरलेला धडा सांगितलास. तो मी तेव्हा लिहून घेतला नाही. आठवतो तसा देतो.

एखाद्या पेशीत विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात अडकतो. तुटताना बहुतेकदा तो तुकडा जातो, जो ई-सिक्स आणि ई-सेव्हन यांना आवर घालत असतो. कवचाचे तुकडेही निकामी होतात. आता तिथे नवा विषाणू तयार होऊच शकत नाही. त्याच्या दृष्टीनेही तो रस्ता बंद. राहतात ती फक्त दोन प्रथिनं, कुणाचाही आवर नसलेली.

"म्हणजे पाहुणा कधीच मेला," तू म्हणालीस. "त्याच्या दोन सवयी घरात राहिल्या."

"या अल्ला," भाभी म्हणाल्या. फणी थांबली.

"आन् वाईट काय आहे सांगू, रव्या? दुसऱ्या पुष्कळ कॅन्सरमध्ये नाना मोडलेलेच राहतेत. बिघडलेले. माझ्यात तसं न्हाई. माझ्यातले नाना धड आहेत. रोज तयार होतेत, रोज कामाला निघतेत, आन् रोज दारातूनच उचलून नेतेत त्यांना. ती दोन प्रथिनं गप्प बसवली ना, प्रयोगशाळेत बसवतेत तशी, तर याच पेशींना अजून थांबता येतं. विसरल्या न्हाईत त्या."

"मग बसवता येत नाहीत का? तुझ्यात?"

"अजून न्हाई."

तू ते उद्याच्या तासाला काय घ्यायचं हे सांगावं तसं म्हणालीस. भाभींनी वेणी घातली. जेमतेम बोटाएवढी झाली होती.

*

दाजींनी तुला तो प्रश्न गाडीत विचारला. मी ऐकतो आहे हे त्यांना माहीत होतं. कदाचित म्हणूनच तिथे विचारला, घरात विचारवला नसता.

"उषा, हे माझ्यापासून आलं का?"

तू डोळे मिटून पडली होतीस. उघडले नाहीस.

"माहीत न्हाई. शरीरसंबंधातून येतो हा, पण बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होतो, पुरुषांनाही. कुठं, कधी, ते कळायची सोय न्हाई."

"असती तर?"

"असती तरी विचारलं नसतं मी. तुम्हीही विचारू नका आता. डब्यात काय आहे?"

"भाकरी. शेंगदाण्याची चटणी."

"द्या."

दाजींनी हा लेख वाचला आहे. एक वाक्य काढा म्हणाले, ते काढलं. हा प्रसंगही काढू का, असं मी विचारलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे राहू द्या. तिनं बराबर उत्तर दिल्तं."

*

आपला वाद मिटला नाही. तुला आमच्या पुरवणीत लेख हवा होता, या दोन प्रथिनांवर, चित्रांसह. मी म्हणालो, वाचकाला प्रथिनांची नावं नको असतात. तपासणी करा, लस घ्या, एवढं पुरे. बातमीत आधी काय करायचं ते सांगतात, कसं घडतं ते शेवटी, आणि जागा कमी पडली तर शेवट कापतात.

"आणि म्हणून कुणी काही करत न्हाई," तू म्हणालीस. "तू नुसतं म्हणतोस तपासा. बाईला काय वाटतं? आपल्याला कशाला, आपण काय तसल्या आहोत? तिला प्रथिन दाखव. प्रथिनाला चारित्र्य नसतं, रव्या. हे एकदा कळलं की ती तपासणीच्या टेबलावर चढंल."

"एक हजार शब्दांत?"

"चाळीस मिनिटांत मी अकरावीला समजावते. तुमचे वाचक काय अकरावीहून ढ आहेत?"

मला अजून वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. बातमी तशीच लिहितात. पण तुझं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. आजवर जे छापलं त्याने कोण टेबलावर चढलं, याचा मी कधी माग घेतला नाही. लेख राहिला. हा तो लेख नाही. चित्रं नाहीत.

अकरावीचा तोही तास तू मला सांगितला होतास. आजारपणाच्या सुट्या संपवून मंठ्याला कॉलेजात परत गेलीस, डोक्याला रुमाल बांधून, तेव्हाचा. सहामाहीला तू वर्षानुवर्षं एका गुणाचा एक प्रश्न टाकत आलीस: कॅन्सर संसर्गजन्य आहे, चूक की बरोबर. उत्तर, चूक. त्या दिवशी तू फळ्यावर तो प्रश्न लिहिलास आणि पुसलास.

"उत्तर बरोबरच आहे," तू पोरांना म्हणालीस. "प्रश्न अपुरा होता. कॅन्सर लागत न्हाई. पण काही कॅन्सर ज्याच्यामुळं होतेत तो विषाणू लागतो. हे दुसरं वाक्य मी तुम्हाला कधी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर मलाही ते आठवलं असतं."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मंग गेल्या बॅचचा एक मार्क कापायचा का?"

"राहू दे त्यांच्याकडं. लग्नात आहेर समजा."

वर्ग हसला, असं तू सांगितलंस. पुढच्या रांगेतल्या पोरी मात्र हसल्या नाहीत, हेही सांगितलंस. तुला कोणता आजार आहे ते तू त्या तासाला सांगितलं नव्हतंस. त्यांनी ओळखलं.

पूर्वाच्या लसीवरून घरात खटका उडाला. दाजी म्हणाले, पोरीला आत्तापासून कसली लस, कुणाला कळलं तर काय सांगायचं? तू म्हणालीस, सांगायचं की कवचाची लस आहे. शेवटी येणाऱ्या प्रथिनाची. ते आधीच ओळखीचं झालं की विषाणू आत शिरायच्या आत पकडला जातो, पहिल्या दोघांना बाहेर यायची वेळच येत नाही. "माझ्यात आता कवचच उरलं न्हाई, म्हणून ती माझ्या उपयोगाची न्हाई. तिच्या आहे." पहिल्या डोसला तू पूर्वाला घेऊन जालन्याला आलीस. पुढच्या डोसला तुला उठवत नव्हतं. दाजी दुकान बंद करून स्वतः घेऊन आले. मला दवाखान्याबाहेर भेटले. रसवंतीवर तिघांनी रस प्यायला.

त्याच सुमारास तू गल्लीतल्या बायकांना सरकारी दवाखान्यात न्यायला लागलीस. साधी तपासणी. गर्भाशयाच्या मुखावर पातळ ॲसिड, शिरक्यातलंच, लावून बघतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. "सीड प्लॉटची पाहणी," तू म्हणायचीस. "फुलावर यायच्या आत." काही आल्या. काही रिक्षात बसून उतरल्या. शमीमभाभींना तू किती वेळा म्हणालीस ते मी मोजलेलं नाही. त्या म्हणायच्या, "आधी तुमी बरं व्हा बाजी, मंग जाऊ दोघी." तू हट्ट सोडून द्यायचीस, कारण फणी त्यांच्या हातात असायची.

*

शेवटचे आठवडे मी लिहिणार नाही. एवढंच, की तुझ्या छातीत पाणी झालं तेव्हा डॉक्टरांनी ते तपासायला पाठवलं आणि त्यात त्याच पेशी निघाल्या. तू विचारलंस, कुठल्या? मी सांगितलं. तू मान हलवलीस, पोराने अपेक्षित उत्तर दिल्यावर हलवायचीस तशी. मग म्हणालीस, "इथपर्यंत आल्या, न् अजून ई-सिक्स, ई-सेव्हन हेच दोन शब्द बोलून राह्यल्या."

आणि जरा वेळाने, माझा हात धरून, "माझ्या बातमीत तुमचे ते दोन शब्द नको. नाव लिही. पूर्वाला विचार, पण लिही."

मी हो म्हणालो. बहिणीला दिलेला शब्द म्हणून हे नोंदवत नाही. तू अट घातली होतीस, पूर्वाला विचार. त्या सकाळी मी दाजींना विचारलं, पूर्वाला नाही. ती आत तुझ्या उशाशी बसली होती. तिला उठवून हे विचारायची ती वेळ नव्हती.

*

तुझा दहावा दुधना नदीवर झाला. पाणी कमी होतं. घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत बायका बसल्या होत्या, ओसरीवर पुरुष. जेवणं व्हायची होती. मंठ्याहून तुझ्या सहकारी आल्या होत्या, त्यांतल्या एकीने सहज विचारलं, तिला खरंच माहीत नव्हतं, "शेवटी शेवटी नेमकं काय झाल्तं मॅडमला?"

मग दाजींच्या नात्यातल्या एक आजी म्हणाल्या, "पोटाचं दुखणं होतं, माय. अल्पसंच निमित्त झालं."

पूर्वा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी ओसरीवरून तिला बघू शकत होतो, दाजीही. तिने तांब्या खाली ठेवला.

"पोटाचं नव्हतं आजी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो. लई हळू होतो, म्हणून आधी तपासला तर सापडतो. आई सगळ्यांना सांगायची."

दाजी उठले नाहीत. मला वाटलं होतं उठतील. त्यांनी समोरच्या माणसाला विचारलं, "पाणी देऊ का?" तांब्या आत राहिला होता, म्हणून ते तसेच बसले. मग मान न वळवता मला म्हणाले, "लिहा आता. पोरगीच बोलली."

आजी पुटपुटल्या, "काय गं बाई, असं पुरुषांसमोर." पंगत वाढायला घेतली.

जेवणं उरकल्यावर मी मागच्या बाजूला हात धुवायला गेलो. शमीमभाभी तिथे पातेली घासत होत्या, कुणी सांगितलं नसताना. पूर्वा त्यांच्याजवळ उकिडवी बसली होती. मला बघून भाभींनी पदर सावरला, पण बोलणं थांबवलं नाही. त्या माझ्यादेखत बोलल्या, हे महत्त्वाचं आहे.

"जादा नहीं है," त्या पूर्वाला म्हणत होत्या. "थोडासाच जाता. कपड्याला डाग लागता, बस्स. दर्द बिलकुल नहीं."

"कधीपासून?" पूर्वाने विचारलं.

"पिछले रमजान से."

पुढचा रमजान तोंडावर आला होता.

"आईला काहून न्हाई सांगितलं तुम्ही?"

भाभींनी पातेलं पालथं घातलं. "सांगनार होते. पन ती रोज मेरेकू बोलती, भाभी तुमी तपासा. मी म्हनायची, बाद में. मंग ती येवढी बीमार पडली. तिला काय सांगू, मेरेकू भी?"

दाजी मागे येऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते सांगता येणार नाही. ते म्हणाले, "भाभी, उद्या सकाळी गाडीनं जाऊ संभाजीनगरला. हिला घेऊन जाऊ सोबत. तीच गाडी, माहीत आहे सगळं आम्हाला."

गेलो. मी जालन्याला चढलो. दाजी खिडकीला होते, डबा मांडीवर. भाभी ताठ बसल्या होत्या, त्यांना आडवं व्हा म्हटलं तर होईनात. पूर्वा त्यांना नानांची गोष्ट सांगत होती. ते भेसळीचं झाड, ते मजूर, तो कचरा. तू सांगायचीस त्याच क्रमाने, आणि 'फसवतो' हा शब्द एकदाही न वापरता. भाभी मध्येच म्हणाल्या, "हे तर बाजीनं सांगितल्तं. केस विंचरताना." पुढे त्या शांतपणे ऐकत राहिल्या.

टेबलावर त्या चढल्या. आपल्या वादात हे तुझ्या बाजूने धरायचं की माझ्या, ते ठरवता येत नाही. तुझं सगळं ऐकूनही त्या इतके दिवस थांबल्या. आणि गेल्या, त्या पूर्वाने घेतलेलं नाव ऐकून.

डॉक्टरांना पांढरी जागा दिसली. तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

अक्का, हा मजकूर पानात लागेपर्यंत शमीमभाभींचा अहवाल आलेला नव्हता.